बस्त्यातली दुसरी साडी

सुरतेत साडी स्वस्त मिळते म्हणून खानदेशातली माणसं इथं बस्ता बांधायला येतात, असं सगळे म्हणतात. पूर्वी मीही म्हणायचे. गेली काही वर्षं अशी माणसं लिंबायतमधल्या माझ्या घरी उतरतात, माझ्या हातचं जेवतात, माझ्याबरोबर मार्केटात हिंडतात आणि लग्नाचं सगळं कापड घेऊन गाडीत बसतात. इतक्यांना जवळून पाहिल्यावर मी खात्रीनं सांगते, साडी हे निमित्त असतं. नुसती स्वस्ताईच हवी असती तर मोबाइलवर बोट ठेवलं की घरपोच साडी येते. त्यासाठी दहा-बारा माणसांनी पहाटे उठून, डबे बांधून, दोन गाड्या बदलून सुरतच्या उधना स्टेशनात उतरायची काय गरज?

हा धंदा मी ठरवून सुरू केला नाही. त्याआधी पंधरा वर्षं मी घरात बसून साड्यांना लेस लावत होते. मार्केटातून गठ्ठा यायचा, मी आणि गल्लीतल्या चार बायका ओट्यावर बसून लेस लावायचो, टिकल्या चिकटवायचो, संध्याकाळी गठ्ठा परत जायचा. हजारो साड्या माझ्या मांडीवरून गेल्या. कापड डोळे मिटून बोटांत धरलं तरी मी सांगू शकते की हे दोन धुण्यांत मान टाकेल की दहा वर्षं टिकेल. पण एवढं कळून उपयोग काय? गठ्ठा टाकणारा माणूस मला कधी 'ही कशी वाटते' असं विचारत नव्हता. तो फक्त विचारायचा, झालं का?

मग माझ्या भाच्याचं लग्न ठरलं आणि माहेरची मंडळी बस्त्याला आली. मी त्यांना मार्केटात नेलं. तिथली बहुतेक दुकानं ठोकची, एकेक साडी सुटी द्यायला नाखूश. कोण सुट्या देतो आणि कोण नुसतं फिरवतो हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी माझी वहिनी, जिनं आयुष्यात मला मिठाचा अंदाज विचारला नाही, प्रत्येक साडी माझ्यापुढे धरून म्हणत होती, "ताई, तुम्हाला कशी वाटते?" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिच्या मागून तिच्या बहिणीची मंडळी आली, मग बहिणीच्या व्याह्यांची. आम्ही वरची पत्र्याची खोली साफ केली, दोन कूलर आणले, आणि आमच्या ह्यांनी लूमवरचं काम सोडून जुनी व्हॅन घेतली. 'सुरतवाली ताई' म्हणून साक्री-शिंदखेड्यापर्यंत माझा नंबर फिरायला लागला. दुकानदाराची दलाली मी घेत नाही. राहण्या-जेवण्याचे आणि व्हॅनचे तेवढे घेते. त्यामुळे मला दुकानदारालाही चार शब्द सुनावता येतात, आणि सुनावायची मला आवड आहे.

लोक कशासाठी येतात ते मला जेवणाच्या पंगतीत कळत गेलं. कुणाला समुद्र बघायचा असतो. डुमसची वाळू काळी आहे, समुद्र बऱ्याचदा लांब गेलेला असतो, हे मी आधीच सांगून ठेवते, तरी ते बाटल्यांत पाणी भरून गावाकडे नेतात. कुणाला सुरतचं खायचं असतं. लोचो, म्हणजे मऊ लगद्यासारखं खमण, ताटात पडला की म्हातारी माणसं हमखास विचारतात, "हाई शिजेल नही का?" आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतात. बायकांना सगळ्यात मोठं सुख कसलं, तर दोन दिवस चुलीकडे बघायचं नाही. आयती शेवभाजी, आयती कळण्याची भाकरी, आणि उष्टी ताटंही दुसरंच कुणी उचलणार. एक बाई तर ताटावर बसून नुसती हसत होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, गरम भाकरी खाऊन किती दिवस झाले ते आठवत होते.

हे सगळं मला कळतं, असा माझा दिमाख होता. दिमाखातूनच मला एक कल्पना सुचली. बस्त्यात वेळ फार जातो. सकाळी दुकानात शिरलेली माणसं दिवेलागणीला बाहेर पडतात. गादीवर साड्यांचा डोंगर होतो, दोन मावश्या एका रंगावरून रुसतात, मामीला पदर आवडतो तर काठ आवडत नाही, पुरुष मंडळी भिंतीला टेकून पेंगतात. मग समुद्र राहून जातो. मला वाटलं, कापडाची पारख मला आहे, दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत, तर यादी आधीच मागवावी आणि साड्या मीच निवडून घरी आणून ठेवाव्यात. मंडळींनी यायचं, बघायचं, पसंत करायचं, की दुपारी डुमस. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी म्हटलं, आपल्याकडे बैल नाही, व्हॅन आहे.

मागच्या लग्नसराईत साक्रीकडची एक मंडळी यायची होती. नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे मिळून अकरा जण. नवरदेवाच्या वडलांशी मी फोनवर बोलले आणि नव्या पद्धतीनं यादी घेतली. देवीची साडी, नवरीचा शालू, करवल्या दोन, माम्या तीन, आत्या एक, अशी यादी पुढे चालली. आमच्यात बस्त्याची पहिली साडी देवीची असते आणि दुसरी नवरदेवाच्या आईची. नवरीकडच्यांनी तिला पुढे बसवायचं, कुंकू लावायचं, तिच्या खांद्यावर साडी टाकायची आणि ती 'हो' म्हणाली की बाकीचा बस्ता सुरू. म्हणून मी विचारलं, "आणि नवरदेवाची आई?" ते म्हणाले, "ती नाही. मुलं लहान होती तेव्हाच गेली." मी चुकचुकले, पेनानं ती ओळ खोडली आणि पुढची विचारली.

मंडळी सकाळी आली. चहा-खमण झालं आणि मी सगळ्यांना वरच्या खोलीत नेलं. चादरीवर साड्या नावानिशी मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. खोटं कशाला सांगू, तशी नेटकी मांडणी मी मार्केटातही पाहिली नाही. नवरीचा शालू लालभडक, अस्सल जरीकाम, बोटांनी पारखून घेतलेला. नवरीची आई म्हणाली, "छान आहे, नाही का गं?" नवरी मान खाली घालून 'हो' म्हणाली. माम्यांनी आपापल्या उचलल्या. नवरदेवाच्या आत्यांनी आपल्या नावाची गुलाबी साडी घडीसकट हातात घेतली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि मांडीवर ठेवली. दीड तासात सगळा बस्ता आटोपला. पुरुष मंडळी इतकी खूश झाली की नवरदेवाचे वडील म्हणाले, आता सगळ्या गावाला तुमचाच पत्ता देतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. बैलाचं काय झालं, असं मला विचारायचं होतं.

दुपारी आम्ही डुमसला गेलो. त्या दिवशी पाणी जवळ होतं. सगळी धावली, बायकांनी साड्या पोटऱ्यांपर्यंत वर धरल्या, नवरीचे काका लहान मुलासारखे ओरडले. आत्या मात्र व्हॅनमधून उतरल्याच नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "तुमी जा. मी आठेच बठस." जन्मात समुद्र न पाहिलेली बाई समुद्राकडे पाठ करून बसली होती. मला राग आला. आपण माणसांसाठी एवढं राबावं आणि एखाद्यानं तोंड फुगवून बसावं, हे मला सहन होत नाही. मी मनात म्हटलं, प्रत्येक लग्नात एक रुसूबाई असतेच, हिला भजी खायला घातली की येईल वळणावर. टोमॅटोची गरम भजी नेऊन दिली. त्यांनी ती पुडी तशीच शेजारच्या पोराला दिली.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्या "माले भूक नही" म्हणाल्या. मग उठल्या, पिशवीतून ती गुलाबी साडी काढली आणि नवरीच्या आईच्या हातात ठेवली. "हाई साडी ठेवा तुमी. मी लगनले येत नही." एवढंच बोलून जिना चढून वर गेल्या. पंगतीत कुणी घास उचलेना. नवरदेवाचे वडील म्हणाले, "तिचं असंच आहे, जेवा तुम्ही," पण त्यांनीही हातातली भाकरी ताटात ठेवली.

नवरीची आई माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून रडायला लागली. तेव्हा मला कळलं. ह्या आत्या ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे परत आल्या होत्या. वहिनी गेली तेव्हा नवरदेव चार वर्षांचा आणि त्याची बहीण दीडेक वर्षाची. दोघांचं न्हाऊमाखू, आजारपण, शाळा, मुलीचं लग्न, सगळं ह्यांनीच केलं. घर त्याच चालवतात. "उद्या माझी पोर त्यांच्याच हाताखाली जाणार आहे, ताई," ती म्हणाली. "त्या लग्नाला आल्या नाहीत तर जन्मभर माझ्या पोरीला ऐकावं लागेल, की तू यायच्या आधीच घरातलं मोठं माणूस दुखावलंस. आम्ही नवीन माणसं. आम्हाला काय माहीत, त्यांचा मान कुठला ते. त्यांच्या माणसांनी सांगितलं नाही. दुकानात बसलो असतो तर कळलं तरी असतं."

तिचं शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी तिथल्या तिथं माझी बाजू मांडली. म्हटलं, साडीत खोट असेल तर दाखवा. इतका मऊ पोत, पक्का रंग. ती बिचारी 'तसं नाही ताई, तसं नाही' म्हणत डोळे पुसत निघून गेली, आणि मग दारात उभे असलेले हे बोलले. हे कमी बोलतात, पण बोलतात ते वर्मावर. म्हणाले, "साडीत खोट नाही. तुला मार्केटात नेऊन 'ताई, कशी वाटते' असं विचारतात तेव्हा तू कशी फुलतेस ते मी रोज बघतो. आज अकरा माणसांचं ते विचारणं तू एकटीनं खाल्लंस."

भांडी मी जरा जास्तच आपटली. पण भांडी घासता घासता माझ्यापुढे ती खोडलेली ओळ येत राहिली. 'ती नाही,' असं म्हणणारा बाप पुरुषमाणूस, त्याला वाटलं बायको गेली म्हणजे आईची जागा रिकामी. पण मी बाई असून मला विचारावंसं वाटलं नाही की मग त्या पोरांना वाढवलं कुणी. दुकानात हे आपोआप उघडं पडतं. तिथं ती घाई नसते, दुसऱ्या साडीपाशी सगळं थांबतं, कुणीतरी कुणाकडे तरी बघतं आणि गोष्ट तोंडावर येते. मी ज्याला वेळ फुकट जाणं म्हणत होते, त्या वेळातच माणसं आपापली जागा शोधत असतात. साडी तर त्यांना धुळ्यातही मिळाली असती. आणि मी त्यांचा तो वेळ वाचवून दाखवायला निघाले होते! मला स्वतःचीच लाज वाटली, आणि मला लाज सहसा वाटत नाही.

सकाळी चहा घेऊन मी वर गेले. आत्या पिशवी भरून तयार बसल्या होत्या. मी खाली बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, कालची चूक माझी आहे. यादीतली एक ओळ मी खोडली. एक साडी घ्यायची राहिली आहे, ती मार्केटात जाऊन घेऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "चूक तुनी नही, बाई. तू त परकी शे. माले घरना लोकेसनी इचारं नही."

"ते त्यांनी कसं सुधारायचं ते त्यांचं त्यांनी बघावं," मी म्हटलं. "मी माझं सुधारते. तुम्ही फक्त चला. नाही आवडलं तर उठून यायचं."

त्या 'हो' म्हणाल्या नाहीत, पण चप्पल घातली. खाली नवरदेवाचे वडील कुरकुरले, सकाळची गाडी चुकेल म्हणून. मी त्यांना म्हटलं, गाडी उद्याही आहे, परवाही आहे. नवरीच्या आईला मी व्हॅनमध्ये कानात सांगितलं, की दुकानात आईच्या साडीची वेळ आली की तुम्हीच आत्यांना पुढे बोलवायचं. तिनं तीन वेळा मान हलवली.

मी मुद्दाम जुन्या दुकानात नेलं, शालूही मी तिथूनच आणला होता. तिथला सेल्समन केस पिकेपर्यंत त्याच गादीवर बसलेला, बस्त्याची माणसं त्याला बघताक्षणी ओळखू येतात. सगळे बसले, पाणी आलं, देवीसाठी एक खण काढून झाला, आणि त्यानं सवयीनं विचारलं, "अब दूल्हे की मम्मी कौन हैं? उनको आगे बिठाइए."

नवरदेवाचे वडील पंख्याकडे बघत होते. नवरीच्या आईनं कुंकवाची डबी काढली आणि व्याह्यांकडे बघत ती हातातच धरून ठेवली. आत्या भिंतीजवळ मागे बसल्या होत्या, आणि त्यांचा हात पिशवीच्या बंदावर गेला. आता ह्या उठतात, असं मला वाटलं.

नवरी उठली. कालपासून 'हो'शिवाय ती माझ्याशी अक्षर बोलली नव्हती. ती माणसांतून वाट काढत मागे गेली, तिनं आत्यांचं मनगट धरलं आणि सेल्समनला म्हणाली, "ह्या."

त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं मान पुढे केली. नवरीनं परत सांगितलं, मोठ्यानं, "ह्याच आहेत त्यांच्या आई."

आत्या उठल्या. पुढे येऊन बसायला त्यांना तेवढ्याशा गादीवर केवढा वेळ लागला. पदर सारखा केला, गुडघा दुमडला, परत सारखा केला. डोळे भरले होते, पण त्यांनी ते कुणाला पुसू दिले नाहीत की स्वतः पुसले नाहीत. नवरीच्या आईनं विधवा म्हणून हात आखडता न घेता कुंकू लावलं. सेल्समननं पहिली साडी फडकन उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांनी दोन बोटांत काठ धरून म्हटलं, "याना रंग जाई."

तो रंग जाणार नव्हता. ते कापड माझ्या हाताखालून गेलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग दुसरी आली, ती फार चकचकीत. तिसरीचा पदर लहान. नवव्या-दहाव्या साडीला त्या सेल्समनशी भांडायला लागल्या आणि तोही रंगात आला. माम्या पुढे सरकल्या, नवरीकडच्या काकांनी मत दिलं, कुणीतरी चहा मागवला. बस्ता कसा चालतो तसा तो चालायला लागला. नवरदेवाचे वडील भिंतीला टेकून पेंगले.

शेवटी एक मोरपंखी साडी खांद्यावर ठेवून आत्यांनी आरसा बाजूला सारला आणि नवरीकडे तोंड केलं. "तुले कशी वाटस?"

नवरीनं काठ बघितला, मागे सरून बघितलं, आणि म्हणाली, "छान दिसते. पण तो अंजिरी काठ तुम्हाला जास्त शोभेल."

अंजिरी काठाची साडी ठरली. आत्यांनी ती मांडीवर घेतली, हात फिरवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आनि तुना शालू? तो तुले आवडना का?"

नवरीनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कालपासून त्या शालूच्या जरीचं किती कौतुक केलं होतं ते मला आठवलं.

"मला लाल नको होता," ती हळूच म्हणाली.

आत्यांनी हसून तिच्या गुडघ्यावर थाप मारली आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, तो शालू आठे लई ये. वापस देना शे."

मी दुकानाबाहेर येऊन ह्यांना फोन लावला. म्हटलं, घरी जा आणि वरच्या खोलीतला शालू घेऊन या, बदलायचा आहे. "कुठला?" ह्यांनी विचारलं. "तू निवडलेला?"

"हो," मी म्हटलं. "मी निवडलेला."